‘सी, दोक्तोरा’ ऐकल्यावर काय करावे: बाल-कर्करोग विभागात नव्याने रुजू होणाऱ्यांसाठी

अमेरिकेत बालरोगशास्त्राचे पुढील प्रशिक्षण घेण्यासाठी किंवा परिचारिका म्हणून आलेल्या मराठी मंडळींपैकी ज्यांना टेक्सास, कॅलिफोर्निया किंवा ॲरिझोनातील बाल-कर्करोग विभागात काम मिळते, त्यांच्या लवकरच लक्षात येते की समोर बसलेल्या आईवडिलांपैकी पुष्कळांची घरची भाषा स्पॅनिश आहे. या राज्यांत मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतून आलेल्या कुटुंबांची वस्ती मोठी आहे, हे त्याचे एक कारण. दुसरे असे की मुलांमध्ये सर्वांत जास्त आढळणारा कर्करोग, म्हणजे तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया हा रक्ताचा कर्करोग, अमेरिकेतील हिस्पॅनिक, म्हणजे मूळ स्पॅनिशभाषक देशांतल्या कुटुंबांच्या, मुलांमध्ये इतर गटांपेक्षा अधिक प्रमाणात होतो, आणि त्यामागची काही जनुकीय कारणेही आता सापडली आहेत. या आजाराची दहापैकी सुमारे नऊ मुले आज बरी होतात. परंतु उपचार दोन ते अडीच वर्षे चालतो, त्यातला मोठा भाग घरी आईच्या हातून होतो, आणि म्हणून आईला नेमके काय समजले आहे यावर पुढचे बरेच काही अवलंबून असते.

माझ्या प्रशिक्षणाच्या पहिल्या काही महिन्यांत मी प्रत्येक बैठकीनंतर फाइलमध्ये ‘पालकांना समजले, पालक सहमत आहेत’ असे लिहीत असे. पालकांनी प्रत्येक वाक्यानंतर मान हलवलेली असे आणि ‘सी, दोक्तोरा’ म्हटलेले असे. ‘सी’चा शब्दकोशातला अर्थ ‘हो’ असा आहे, पण त्या खोलीत त्याचा अर्थ बहुधा ‘तुमचे बोलणे मी आदराने ऐकत आहे’ एवढाच असतो. हे मला फार उशिरा कळले, आणि ते कळायला ज्या मुलाचा ताप कारणीभूत ठरला त्याची गोष्ट पुढे येईल. हा लेख त्या अनुभवातून लिहिला आहे.

एक खबरदारी आधीच सांगते. ‘हिस्पॅनिक’ हा एक समाज नाही. तीन पिढ्या इंग्रजी बोलणारे पोर्तो रिकन कुटुंब, मायामीतले क्यूबन कुटुंब आणि ग्वातेमालाच्या डोंगराळ भागातून गेल्या वर्षी आलेली एकटी आई यांना एकाच मापाने मोजता येणार नाही. खाली जे लिहिले आहे ते मुख्यतः स्पॅनिशभाषक, नव्याने स्थायिक झालेल्या मेक्सिकन आणि मध्य अमेरिकन कुटुंबांबद्दल आहे, आणि त्यांच्यातही प्रत्येक घर वेगळे असते.

पहिली पायरी: खोलीत जाण्यापूर्वी

फाइलवरचे नाव नीट वाचा. मुलाला बहुधा दोन आडनावे असतात, आधी वडिलांचे आणि मग आईचे. रुग्णालयाच्या संगणकात कधी पहिले, कधी दुसरे, कधी दोन्ही जोडून लिहिलेले असते आणि एकाच मुलाच्या दोन फायली तयार होतात. ज्यांच्या पासपोर्टवर वडिलांचे नाव मधले नाव म्हणून लागले आहे आणि त्यापायी ज्यांनी सरकारी खिडकीवर स्पष्टीकरणे दिली आहेत, त्या मराठी माणसाला हे समजावून सांगण्याची गरज नाही. आईचे आडनाव मुलाहून वेगळे दिसले म्हणून ती आई नसावी, असा तर्क मात्र कोणीही करू नये.

त्यानंतर भाषा विचारा, आणि ती गृहीत धरू नका. ग्वातेमालातील माम, किचे किंवा कान्होबाल आणि मेक्सिकोतील ओआहाकाकडची मिश्तेक या स्थानिक भाषा बोलणारी कुटुंबे या विभागात येतात. बाजारापुरते स्पॅनिश त्यांना येते, पण मुलाच्या अस्थिमज्जेविषयीचे बोलणे त्या स्पॅनिशमध्ये पेलत नाही. अशा वेळी स्पॅनिश दुभाषी आणून आपले कर्तव्य झाले असे मानणे, म्हणजे कोकणातल्या आजीला हिंदीतून आजार समजावण्यासारखे आहे.

दुसरी पायरी: दुभाषी, आणि तोही प्रशिक्षित

या पायरीवर कोणतीही सवलत घेऊ नये. १९६४ च्या नागरी हक्क कायद्यातील सहावे प्रकरण आणि २०१० च्या आरोग्य कायद्यातील कलम १५५७ यांनुसार सरकारी निधी घेणाऱ्या रुग्णालयाने इंग्रजी न येणाऱ्या कुटुंबाला विनामूल्य भाषासाहाय्य द्यायचे असते. २००० साली निघालेला यासंबंधीचा अध्यक्षीय आदेश २०२५ मध्ये रद्द झाला, तरी हे दोन्ही कायदे कायम आहेत. तातडीचा प्रसंग सोडला तर लहान मुलाकडून दुभाष्याचे काम करून घेण्यास कलम १५५७ च्या नियमांनी मनाई आहे. तरीही बारा वर्षांची मोठी बहीण खोलीत असते, तिला दोन्ही भाषा येतात, दुभाष्याला यायला चाळीस मिनिटे लागणार असतात, आणि मोह होतो. त्या मुलीला आपल्याच भावाच्या आजाराचे नाव आईला सांगायला लावणे म्हणजे काय, याचा क्षणभर विचार केला की चाळीस मिनिटे थांबणे सोपे जाते.

मोडक्यातोडक्या भाषांतराने काय होते याची मोजदाद झालेली आहे. ग्लेन फ्लोरेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये बालरुग्णांच्या तेरा भेटींची ध्वनिमुद्रणे तपासली, तेव्हा प्रत्येक भेटीत सरासरी एकतीस चुका आढळल्या आणि त्यांपैकी ६३ टक्के चुकांचे वैद्यकीय परिणाम होण्याची शक्यता होती. एका आईला तर कानाच्या संसर्गासाठी तोंडाने द्यायचे प्रतिजैविक मुलाच्या दोन्ही कानांत घालायला सांगितले गेले होते. प्रशिक्षित नसलेल्या व्यक्तींच्या चुका अधिक घातक ठरल्या, हेही त्याच अभ्यासात दिसले.

ज्यांना थोडे स्पॅनिश येते त्यांनी विशेष सावध राहावे, आणि या गटात मीही मोडते. अभिवादनासाठी, मुलाची चौकशी करण्यासाठी आपले स्पॅनिश अवश्य वापरावे. त्याने खोलीतला ताण हलका होतो. निदान, औषधाचे प्रमाण आणि संमती यांसाठी मात्र दुभाषीच हवा. औषधाच्या चिठ्ठीवर इंग्रजीतील ‘वन्स’ हा शब्द रोमन लिपीत लिहिला की त्याची अक्षरे स्पॅनिशमधील ‘ओन्से’ या शब्दाशी तंतोतंत जुळतात, आणि ‘ओन्से’ म्हणजे अकरा. दिवसातून एकदा द्यायचे औषध दिवसातून अकरा वेळा, असे वाचले जाऊ शकते.

दुभाष्याशी आधी दोन मिनिटे बोलून घ्या: आज काय सांगायचे आहे, त्यात वाईट बातमी आहे का, कोणते शब्द अवघड आहेत. खोलीत त्याला आपल्या किंचित मागे किंवा आईच्या बाजूला बसवा. आपली नजर आईवडिलांकडे असू द्या आणि बोलणेही थेट त्यांच्याशीच करा. ‘तिला विचारा की मुलाला ताप केव्हा आला’ असे न म्हणता ‘तुमच्या मुलाला ताप केव्हा आला?’ असे विचारा. दोन वाक्ये बोलावीत आणि थांबावे. फोनवरचा दुभाषी असेल तर खोलीत कोण कोण बसले आहे हे त्याला सांगावे, कारण आजी रडत आहे हे त्याला दिसत नसते.

तिसरी पायरी: पहिली बैठक

नाव घेऊन ‘सेन्योरा’, ‘सेन्योर’ असे संबोधा, आणि ‘तू’ ऐवजी ‘उस्तेद’ वापरा, जे आपल्या ‘आपण’च्या जवळचे आहे. पहिली दोन मिनिटे आजाराची नसावीत. गाव कोणते, मुलाला काय आवडते, घरी आणखी कोण आहे, येथपर्यंत कसे आलात, असे विचारावे. घाईच्या अमेरिकी वेळापत्रकात हा वेळ वाया गेल्यासारखा वाटतो, पण स्पॅनिशमध्ये ज्याला ‘कोन्फियान्सा’ म्हणतात तो विश्वास याच दोन मिनिटांत रुजतो, आणि तो नसेल तर पुढच्या पाऊण तासात कोणीही मनातला प्रश्न विचारत नाही.

निर्णय बहुधा एकटी आई घेत नाही. वडील बांधकामावरून संध्याकाळी येतात, आजी मेक्सिकोत फोनवर असते, मोठा काका खर्चाचे पाहतो. महत्त्वाची बैठक शक्यतो वडिलांच्या सुटीच्या वेळेला ठेवा आणि आजीला व्हिडिओवर घ्यायचे असेल तर घेऊ द्या. निर्णयाला एक रात्र लागली तर उपचारात काय अडेल, हे स्वतःला प्रामाणिकपणे विचारा. अनेकदा काहीच अडत नाही. जेव्हा खरोखर अडत असते, तेव्हा ‘आज रात्रीच सुरू करावे लागेल, कारण…’ असे कारणासह सांगावे.

शब्दांच्या बाबतीत काही सापळे ठरलेले आहेत. तपासणी ‘पॉझिटिव्ह’ आली, हे ऐकून पालकांचा चेहरा उजळताना मी पाहिला आहे, कारण सकारात्मक म्हणजे चांगले. त्याऐवजी ‘तपासणीत कर्करोगाच्या पेशी सापडल्या’ असे म्हणावे. गाठीला घरात ‘बोलीता’, म्हणजे छोटासा गोळा म्हणतात. तो शब्द आपण वापरायला हरकत नाही, पण ‘ही बोलीता कर्करोगाची आहे’ हेही त्याच वाक्यात यावे. ‘आजार नियंत्रणात आला’ आणि ‘आजार बरा झाला’ यांतला फरक पहिल्याच महिन्यात समजावून सांगितला नाही, तर मूल हिंडू-फिरू लागल्यावर औषधे चालू ठेवण्याचे कारण आईला पटत नाही. पाठीच्या मणक्यातून पाणी काढण्याची भीती तर आपल्याकडेही आहे: त्याने मूल अधू होते असे अनेकांनी ऐकलेले असते. ती भीती पालकांनी बोलून दाखवण्याची वाट पाहू नका. ‘पुष्कळ आईवडील मला हे विचारतात’ असे म्हणून विषय आपणच काढावा.

चौथी पायरी: होकार तपासणे

माझ्या मते या कामाचा गाभा येथे आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते.

डॉक्टरांना उलट प्रश्न विचारणे हा उद्धटपणा मानला जाईल, अशी धास्ती अनेक पालकांच्या मनात असते. मेक्सिकोत वाढलेल्या माणसाला हाक मारली तर तो ‘काय?’ असे न म्हणता ‘मांदे?’ म्हणतो, म्हणजे शब्दशः ‘आज्ञा करा’. अशा वळणात वाढलेली आई पांढऱ्या कोटातल्या व्यक्तीला ‘मला समजले नाही’ असे सहजी म्हणणार नाही. त्यात आपण घड्याळाकडे पाहिले, दाराच्या कडीवर हात ठेवला आणि ‘तिएने प्रेगुन्तास?’ म्हणजे ‘काही प्रश्न आहेत का?’ असे विचारले, तर उत्तर ‘नो, दोक्तोरा, ग्रासियास’ हेच येणार.

म्हणून प्रश्नाची रचना बदला. ‘के प्रेगुन्तास तिएने?’ म्हणजे ‘तुमचे प्रश्न कोणते आहेत?’ असे विचारा आणि मग गप्प बसा. मनात दहापर्यंत आकडे मोजा. ती शांतता सहन करणे नव्या डॉक्टरला फार कठीण जाते, आणि बहुतेक वेळा सातव्या-आठव्या आकड्याला वडील घसा खाकरून बोलू लागतात.

त्याहूनही उपयोगी पद्धत म्हणजे सांगितलेले परत सांगायला लावणे. मात्र ती परीक्षा वाटू नये. मी असे म्हणते: ‘मी आज खूप बोलले आणि मी ते नीट सांगितले की नाही याची मला खात्री करायची आहे. घरी गेल्यावर आजीला तुम्ही हे कसे सांगाल, ते मला सांगाल का?’ चूक झाली असेल तर ती माझ्या सांगण्यात झाली, असे आधीच कबूल केलेले असल्यामुळे आईला लाज वाटत नाही.

ज्या तापाचा उल्लेख वर केला तो असा. तोंडी ताप ३८ अंशांवर गेला की फोन करा, असे मी एका आईला सांगितले होते आणि तिने मान हलवली होती. तिच्या घरातला तापमापक फॅरेनहाइट दाखवणारा होता. त्यावर १०१ आकडा दिसला, तेव्हा आपल्याला सांगितलेला ३८ हा आकडा कोठे आहे हे ती शोधत राहिली, आणि फोन करून डॉक्टरांना त्रास देणे तिला योग्य वाटले नाही. मूल सकाळी आले तेव्हा थंडीने कुडकुडत होते. ते वाचले. तापमापक कोणता आहे हे मी तिला विचारले नव्हते, आणि ही चूक माझी होती.

पाचवी पायरी: संमतीपत्र

बाल-कर्करोगावरील उपचार अनेकदा संशोधन-चाचणीचा भाग म्हणून दिले जातात आणि येथे एक शब्द फार घोटाळा करतो. स्पॅनिशमध्ये ‘एस्तुदियो’ म्हणजे अभ्यास, पण मेक्सिकन बोलण्यात रक्ताची किंवा क्ष-किरण तपासणीही ‘एस्तुदियो’च असते. त्यामुळे ‘आपल्या मुलाला एका एस्तुदियोत घ्यायचे आहे’ असे म्हटले की पालक आणखी एक तपासणी समजून सही करतात. दुभाष्याला आधीच सांगून ठेवावे की हे संशोधन आहे, ते ऐच्छिक आहे आणि नकार दिला तरी प्रचलित उपचार पूर्ण मिळेल, ही तीन वाक्ये स्वतंत्रपणे म्हणायची आहेत. दोन उपचारांपैकी कोणता मिळेल हे संगणक ठरवतो, हे सांगताना ‘अल आसार’, म्हणजे ‘यदृच्छेने’, हा शब्दप्रयोग येतो, आणि जुगाराच्या खेळांसाठीही तोच शब्द असल्यामुळे आपल्या मुलावर डाव लावला जात आहे असे वाटू शकते. दोन्ही उपचार चांगले आहेत, कोणता अधिक चांगला हे डॉक्टरांनाही अजून माहीत नाही म्हणून निवड कोणाच्याही हाती ठेवलेली नाही, असे कारण आधी द्यावे आणि शब्द नंतर उच्चारावा. संमतीपत्र स्पॅनिशमध्ये छापलेले असले तरी ते वाचून दाखवावे, कारण वाचता येते की नाही हा प्रश्न कोणत्याही भाषेत अपमानकारक ठरू शकतो.

सहावी पायरी: मुलाला काय सांगायचे, आणि घरातले उपाय

‘कर्करोग हा शब्द त्याच्यासमोर काढू नका’ अशी विनंती येईल. आपल्या घरांतही ती येते, म्हणून तिच्यामागची माया आपल्याला ओळखता येते. तिला नियमांचा बडगा दाखवू नये. कशाची भीती वाटते ते विचारावे, आणि मुले वॉर्डातल्या इतर मुलांकडून व फोनवरून सगळे ऐकतात, मग ते एकटेच घाबरतात, हे सांगावे. रुग्णालयात मुलांशी खेळातून बोलणारे प्रशिक्षित कर्मचारी असतात, त्यांना पहिल्या आठवड्यातच जोडून द्यावे. ‘एचाले गानास’, म्हणजे ‘जोर लाव, हरू नकोस’, हे वाक्य घरातले सगळे मुलाला प्रेमाने म्हणतात. त्याचा एक परिणाम असा होतो की मोठी मुले दुखणे लपवतात, म्हणून आईबाबा खोलीत असताना आणि नसतानाही मुलाला दुखण्याविषयी विचारावे.

‘प्रिमेरो दियोस’, म्हणजे ‘देवाची इच्छा असेल तर’, हे ऐकून पालक उपचारांबाबत उदासीन आहेत अशी नोंद करू नका. आपल्याकडे पंढरीच्या पांडुरंगावर भार टाकणारा माणूस औषधही वेळेवर घेतोच.

घरगुती उपायांविषयी विचारताना ‘घरी काही देता का?’ हा प्रश्न नाराजीचा वाटतो. ‘तुमच्या आईने अशा वेळी काय दिले असते?’ असे विचारले की उत्तर मिळते. कॅमोमाइलच्या चहाला सहसा हरकत घेतली जात नाही, पण रक्तवाढीसाठी म्हणून दिलेल्या जीवनसत्त्वांत फॉलिक आम्ल असेल तर ते मेथोट्रेक्झेट या कर्करोगावरील औषधाच्या कामात अडथळा आणू शकते. एक उपाय मात्र थेट विषारी आहे. विन्क्रिस्टिन या कर्करोगावरील औषधाने मुलाचे पोट दुखते आणि बद्धकोष्ठता होते; आजीला ते ‘एम्पाचो’, म्हणजे पोटात अन्न अडकल्याचे लक्षण वाटते, आणि एम्पाचोवर काही घरांत ‘ग्रेता’ नावाची पिवळी किंवा ‘आसार्कोन’ नावाची नारिंगी पूड देतात. या दोन्ही पुडी जवळजवळ निव्वळ शिसे असतात. म्हणून विन्क्रिस्टिन सुरू करतानाच पोट दुखणार आहे हे सांगावे, त्यावरचे औषध हातात द्यावे आणि या पुड्यांचे नाव घेऊन सावध करावे.

सातवी पायरी: घरी पाठवताना

घरी जाण्याच्या दिवशी आईला कागदांचा गठ्ठा मिळतो आणि तो बहुधा इंग्रजीत असतो. त्यापेक्षा एक पान पुरे, पण ते स्पॅनिशमध्ये आणि तिच्याकडून म्हणवून घेतलेले असावे.

औषध चमच्याने मोजायला सांगू नका. ‘कुचारादा’ म्हणजे जेवणाचा मोठा चमचा, सुमारे १५ मिलीलिटरचा, आणि ‘कुचारादीता’ म्हणजे ५ मिलीलिटरचा छोटा. बोलण्यातला एवढासा फरक औषध तिप्पट करतो. तोंडाने द्यायची सिरिंज द्या आणि ज्या रेषेपर्यंत भरायची तेथे रंगीत पट्टी चिकटवा. तारखा आकड्यांत लिहू नका: ०३/०४ म्हणजे अमेरिकेत ४ मार्च, तर मेक्सिकोत, आपल्यासारखेच, ३ एप्रिल. महिन्याचे नाव अक्षरांत लिहावे.

उपचाराच्या शेवटच्या, देखभालीच्या टप्प्यात मर्कॅप्टोप्युरिन या औषधाची गोळी महिनोन्‌महिने रोज घ्यावी लागते. डॉ. स्मिता भाटिया यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ठरलेल्या मात्रांपैकी ९५ टक्क्यांहून कमी मात्रा घेणाऱ्या मुलांमध्ये आजार उलटण्याचा धोका ठळकपणे वाढलेला दिसला, आणि हिस्पॅनिक मुलांमध्ये गोळी चुकण्याचे प्रमाण अधिक होते. याचा दोष आईच्या माथी मारण्यापूर्वी तिची संध्याकाळ विचारा. ती रात्रपाळीला सफाईचे काम करत असेल, तर गोळी कोण देते? त्या व्यक्तीला बैठकीत बोलावले होते का? ‘गोळी चुकते का?’ याऐवजी ‘गेल्या आठवड्यात किती वेळा चुकली? सगळ्यांकडून चुकते’ असे विचारावे.

रुग्णालयाच्या ॲपवर २०२१ पासून तपासणीचे निकाल तयार होताच पालकांना दिसू लागले आहेत, तेही बहुधा इंग्रजीत. मध्यरात्री मोबाइलवरच्या यांत्रिक भाषांतरातून आजार उलटल्याचे वाचण्याची पाळी कोणावर येऊ नये, म्हणून महत्त्वाच्या तपासणीआधीच ‘निकाल मी स्वतः अमुक वेळी फोनवर सांगेन’ असे ठरवून घ्यावे आणि तो फोन दुभाष्यासह करावा.

स्थलांतराच्या कागदपत्रांविषयी आपण काहीही विचारू नये आणि कानावर आलेले फाइलमध्ये लिहू नये. खर्च आणि विमा यांचे नियम राज्याराज्यांत वेगळे आहेत. कॅलिफोर्नियात २०१६ पासून सर्व अल्प उत्पन्न गटातील मुलांना, कागदपत्रे असोत वा नसोत, राज्याची आरोग्य योजना मिळते. टेक्सासमध्ये तशी व्यवस्था नाही. म्हणून समाजसेवा विभागाची गाठ पहिल्याच दिवशी घालून द्यावी. चुकलेल्या भेटींमागे निष्काळजीपणापेक्षा रस्त्यावर होणारी कागदपत्रांची तपासणी टाळण्याची धडपड असू शकते.

शेवटी ताप. घरातला तापमापक आईला आणायला सांगा किंवा रुग्णालयाचा द्या, आणि त्यावर जो आकडा दिसेल तोच कागदावर लिहा: सेल्सिअसचा असेल तर ३८, फॅरेनहाइटचा असेल तर १००.४. तापाला घरात ‘फिएब्रे’ म्हणतात की ‘कालेन्तुरा’, ते विचारून तोच शब्द वापरा. तापमापक गुदद्वारातून लावायचा नाही आणि आम्हाला विचारल्याशिवाय तापाचे औषध द्यायचे नाही, कारण ताप दबला तरी संसर्ग वाढत राहतो आणि पहिले प्रतिजैविक तासाभरात मिळावे लागते.

रात्रीच्या फोनवर प्रथम इंग्रजी बोलणारे यंत्र किंवा माणूस येतो आणि अनेक आया तेथेच फोन ठेवतात. म्हणून मी एका कार्डावर इंग्रजीतील तीन वाक्ये, आईला वाचता येतील अशा स्पॅनिश उच्चारांत, लिहून देते: स्पॅनिश दुभाषी द्या, माझ्या मुलाला कर्करोग आहे, त्याला ताप आहे. मग वॉर्डातूनच, माझ्यासमोर, तिच्या स्वतःच्या मोबाइलवरून तो क्रमांक तिला लावायला सांगते. पहिल्यांदा आवाज थरथरतो. पलीकडून कोणीतरी ‘बुएनास तार्देस, सेन्योरा’ म्हणेपर्यंत आम्ही दोघी थांबतो, आणि त्यानंतरच घरी जाण्याच्या कागदावर मी सही करते.